ऊर्ध्वपातन स्तंभातली उष्णता नेमकी जाते कुठे?

ऊर्ध्वपातन स्तंभ म्हणजे उकळण्याच्या तापमानातल्या फरकावर द्रवांचे मिश्रण वेगळे करणारा उंच मनोरा. त्याच्या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला मी एक ताळा मांडायला सांगते. तळाच्या रिबॉयलरमध्ये स्टीमने दिलेली उष्णता एका बाजूला लिहायची आणि माथ्याच्या कंडेन्सरमध्ये थंड पाण्याने उचललेली उष्णता दुसऱ्या बाजूला. फीड, म्हणजे वेगळे करायचे मिश्रण, उत्कलनबिंदूच्या जवळपास आत येत असेल आणि इन्सुलेशन धड असेल, तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच निघतात, आणि ते पाहून पहिल्यांदा बहुतेकांना आश्चर्य वाटते. स्तंभ उष्णता खाऊन टाकत नाही. जेवढी घेतो जवळजवळ तेवढीच परत देतो, पण घेताना ती तापलेली असते आणि देताना उतरलेली असते. घटक वेगळे करण्याची किंमत ऊर्ध्वपातन या तापमानाच्या उतारातून वसूल करते. हे एकदा नीट ध्यानात आले की स्तंभाच्या रचनेत ऊर्जा कुठे वाचेल आणि कुठे वाचणार नाही, याचा बराचसा उलगडा आपोआप होतो.

बेंझीन आणि टोल्युइन यांचे अर्धे-अर्धे मिश्रण घेऊन हिशेब करू. बेंझीन ८०.१ अंश सेल्सिअसला उकळते आणि टोल्युइन ११०.६ अंशांना. त्यांची सापेक्ष बाष्पनशीलता, म्हणजे एक घटक दुसऱ्याच्या किती पट सहज वाफेत जातो ते गुणोत्तर, साधारण २.४ आहे, म्हणजे हे काही अवघड मिश्रण नव्हे. असे मिश्रण पूर्ण वेगळे करायला सिद्धांताप्रमाणे लागणारे किमान कार्य एक मोल फीडमागे सुमारे १.७ किलोज्यूल भरते. प्रत्यक्ष स्तंभात मात्र माथ्याला द्रव झालेल्या वाफेचा काही भाग परत आत सोडावा लागतो. त्याला रिफ्लक्स म्हणतात. बाहेर काढलेल्या मालाशी त्याचे किमान गुणोत्तर इथे १.४३ येते, आणि त्याच्या १.२ पट रिफ्लक्स ठेवला तर एक मोल फीडमागे सुमारे १.३६ मोल वाफ तळातून वर पाठवावी लागते. मोलमागे सुप्त उष्णता ३२ किलोज्यूल धरली, तर रिबॉयलरला सुमारे ४३ किलोज्यूल द्यावे लागतात. ही उष्णता १५० अंशांच्या स्टीममधून आली आणि भोवतालचे तापमान २५ अंश धरले, तर तिच्यात कार्य करण्याची क्षमता होती जेमतेम १३ किलोज्यूलची. त्यातले १.७ किलोज्यूल कामी आले. कार्यक्षमता १३ टक्के झाली, आणि ऊर्ध्वपातनासाठी हा आकडा मुळीच लाजिरवाणा नाही.

उरलेले ११ किलोज्यूल कुठे गेले, हे पाहणे त्याहून उद्बोधक आहे. १५० अंशांच्या स्टीमने १११ अंशांचे टोल्युइन उकळवताना सुमारे ३ किलोज्यूल गेले. ८० अंशांच्या वाफेची उष्णता थंड पाण्यात सोडून देताना जवळजवळ ७ गेले. खुद्द स्तंभाच्या आत, ट्रेंवरच्या, म्हणजे वाफ आणि द्रव जिथे भेटतात त्या आडव्या थाळ्यांवरच्या, मिसळण्यात आणि किमानाहून जास्त ठेवलेल्या रिफ्लक्समध्ये, फक्त सव्वा किलोज्यूल गेला. ऊर्जाबचतीची चर्चा निघाली की सगळे ट्रेकडे पाहतात, आणि मोठा हिस्सा मात्र दोन्ही टोकांच्या उष्णता-विनिमयकांतून निसटत असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

याचा अर्थ ट्रे दुर्लक्षावेत असा कोणी घेऊ नये. वरचे तिन्ही आकडे वाफेबरोबर कमी-जास्त होतात, त्यामुळे वाफ दहा टक्के कमी लागली तर तिन्ही ठिकाणचा तोटा निदान दहा टक्क्यांनी घटतो. आपल्या हाती दोन गोष्टी आहेत: स्तंभातून फिरणाऱ्या उष्णतेचे प्रमाण आणि ती उतरते ते अंतर. चांगली रचना दोन्हींचा विचार करते.

आधी प्रमाणाकडे वळते. रिफ्लक्स आणि ट्रे यांचा विनिमय विद्यार्थिदशेत सगळेच शिकतात. किमान रिफ्लक्सला अनंत ट्रे लागतात, पूर्ण रिफ्लक्सला किमान ट्रे लागतात, आणि खर्चाचा सुवर्णमध्य या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. आपल्या उदाहरणात किमानाच्या १.२ पटीऐवजी १.५ पट रिफ्लक्स धरला तर रिबॉयलरची उष्णता सुमारे १६ टक्क्यांनी वाढते. इंधन स्वस्त असताना आखलेल्या स्तंभांत ट्रे कमी आणि रिफ्लक्स जास्त, हा सौदा जाणूनबुजून केलेला असतो. पुढे इंधन महागते, पण स्तंभ वीस-तीस वर्षे तसाच उभा राहतो. खरेदीच्या वेळी पोलादाचा खर्च एकदाच करायचा असूनही त्यावर हात आखडता घेतला जातो आणि स्टीमचा खर्च रोजचा असूनही तो दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात पडतो, याचे मला आजही मनापासून वाईट वाटते.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. शुद्धतेसाठी प्रामुख्याने ट्रे लागतात, उष्णता फार वाढत नाही. याच मिश्रणात दोन्ही उत्पादने ९९ टक्के शुद्ध हवी असतील तर फेन्स्केच्या समीकरणाप्रमाणे पूर्ण रिफ्लक्सला साडेदहा सैद्धांतिक टप्पे, म्हणजे वाफ आणि द्रव पूर्ण समतोलाला पोचतील असे आदर्श ट्रे, लागतात. तीच शुद्धता ९९.९ टक्क्यांवर न्यायची तर पावणेसोळा लागतात. किमान रिफ्लक्समध्ये मात्र फारसा फरक पडत नाही. स्तंभ उभारतानाच काही टप्पे जास्त घातले असते तर ही शुद्धता जवळजवळ फुकट मिळाली असती. एकदा स्तंभ उभा राहिला आणि ट्रे ठरून गेले की मात्र शुद्धता वाढवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे रिफ्लक्स वाढवणे. त्यामुळे ९९.५ टक्क्यांची अट असताना ९९.९ टक्क्यांचा माल पाठवत राहणारे स्तंभ जागोजागी दिसतात. एका शिफ्टच्या अनुभवी ऑपरेटरना मी रिफ्लक्स थोडा खाली आणायची विनंती केली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, स्टीम जास्त गेली तर मला कुणी विचारत नाही. सँपल फेल गेलं तर मात्र रात्री फोन मलाच येतो." त्यांचे म्हणणे रास्त होते. सँपलचा निकाल चार-सहा तासांनी हातात येणार असेल, तर रिफ्लक्समध्ये थोडे हातचे राखून ठेवण्यावाचून त्यांच्यापुढे पर्याय नव्हता. अशा ठिकाणी स्तंभावर ऑनलाइन विश्लेषक बसवणे किंवा संवेदनशील ट्रेच्या तापमानावर नियंत्रण ठेवणे, हाही माझ्या लेखी रचनेचाच भाग आहे.

ट्रे प्रत्यक्षात कसे काम करतात याबद्दल मी एका शटडाऊनमध्ये जे पाहिले ते विसरणे शक्य नाही. त्या स्तंभाचा रिफ्लक्स काही महिने हळूहळू चढत होता. शंका कधी रिबॉयलरवर होती, कधी फीडवर, कधी कंट्रोल व्हॉल्व्हवर. स्तंभ थंड करून, धुऊन, आतला प्राणवायू मोजून परवाना मिळाल्यावर मी मॅनहोलमधून आत उतरले. हाती टॉर्च आणि पाणी भरलेली एक लांब पारदर्शक नळी होती. मधल्या भागातल्या एका ट्रेवर प्रकाश टाकला तेव्हा मोजमापाची गरजच उरली नाही. एका बाजूच्या व्हॉल्व्हचे (ट्रेच्या भोकांवर बसून वाफेला वाट देणाऱ्या झडपांचे) पाय झिजून चकचकीत झाले होते आणि दुसऱ्या बाजूचे व्हॉल्व्ह तपकिरी थरात भोकांवर घट्ट चिकटून बसले होते. नळीची दोन टोके समोरासमोर धरली तर पाण्याच्या पातळीत जवळपास एक सेंटिमीटरचा फरक आला. ट्रेच्या व्यासानुसार साधारण ३ ते ६ मिलिमीटरपर्यंतचा कल चालवून घेतात.

एक सेंटिमीटर म्हणजे काय, हे बाहेर उभे राहून कळत नाही. वेअरची, म्हणजे ट्रेच्या कडेला द्रव अडवणाऱ्या पट्टीची, उंची साधारण ५० मिलिमीटर असते आणि त्यावरून ओसंडणारा द्रवाचा थर दोन-तीन सेंटिमीटरचा. त्यात एक सेंटिमीटरचा कल आला की वाफेला उंच बाजूची पातळ थराची वाट सोपी पडते आणि द्रव खोलगट बाजूला साचून राहतो. वाफ आणि द्रव एकाच ट्रेवर असूनही त्यांची गाठच पडत नाही. असे चार-पाच ट्रे झाले की दोन-तीन सैद्धांतिक टप्पे हातचे जातात, आणि ती तूट भरून काढायला सगळ्या स्तंभातून जास्तीची वाफ फिरवावी लागते. आधाराच्या कड्याचे काही बोल्ट सैल झाले होते, बाकी बिघाड काही नव्हता. ट्रे समतल करून, व्हॉल्व्ह साफ करून स्तंभ सुरू झाला तेव्हा रिफ्लक्स पूर्वीच्या पातळीवर आला.

ट्रेऐवजी द्रव पसरायला भरपूर पृष्ठभाग देणारे भरण, म्हणजे पॅकिंग, घातलेल्या स्तंभात हाच प्रश्न द्रव पसरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपाशी येतो, आणि तिथे तो अधिक नाजूक असतो. ट्रेंच्या स्तंभात प्रत्येक ट्रेवर द्रवाला पुन्हा एकत्र येण्याची संधी मिळते. पॅकिंगमध्ये सुरुवातीला चुकलेली वाटणी पुष्कळ खालपर्यंत तशीच राहते. महागडे संरचित पॅकिंग घेऊन वर साधा डिस्ट्रिब्युटर बसवणे ही काटकसर कधीच फळत नाही.

संरचित पॅकिंगचा खरा लाभ दाबाच्या घटीत आहे. एका ट्रेमागे साधारण ५ ते ८ मिलिबार दाब जातो, तर पॅकिंगमध्ये एका सैद्धांतिक टप्प्यामागे त्याचा छोटासा अंशच जातो. वातावरणाच्या दाबावरच्या स्तंभात याचे फारसे काही वाटत नाही, पण निर्वातात चालणाऱ्या स्तंभात सगळे गणित बदलते. एथिलबेंझीन १३६ अंशांना उकळते आणि स्टायरीन १४५ अंशांना. उत्कलनबिंदू इतके जवळ असल्याने टप्पे पुष्कळ लागतात, आणि तापमान चढले तर स्टायरीनचे बहुलक बनू लागते. माथ्याला कितीही निर्वात ठेवला तरी मधल्या सत्तर-ऐंशी ट्रेंचा दाब साचत साचत तळाशी पोचतो आणि तळ तापतो. पॅकिंग घातले की तळाचा दाब आणि तापमान उतरतात, बहुलक कमी बनते, आणि कमी दाबाला सापेक्ष बाष्पनशीलता वाढत असल्याने रिफ्लक्सही कमी लागतो. रिबॉयलरला हलक्या दाबाचे स्टीम पुरते हा आणखी एक फायदा आहे, आणि वरच्या हिशेबातले पहिले ३ किलोज्यूल इथेच कमी होऊ लागतात.

आता तीन घटकांच्या मिश्रणाकडे येते, कारण माझ्या मते स्तंभरचनेतली सर्वांत सुंदर कल्पना इथे आहे. बेंझीन, टोल्युइन आणि झायलीन वेगळे करायचे तर नेहमीच्या पद्धतीत दोन स्तंभ लागतात. पहिल्यात माथ्याला बेंझीन काढायचे, तळाचे मिश्रण दुसऱ्यात घालून टोल्युइन आणि झायलीन वेगळे करायचे. पहिल्या स्तंभात फीडच्या खाली ट्रेमागून ट्रे टोल्युइनचे प्रमाण काढून आलेखावर मांडले, तर ते आधी चढत जाते, एका ट्रेवर शिखर गाठते आणि तिथून तळाकडे पुन्हा उतरते, कारण खाली झायलीनचे प्रमाण वाढत जाते. म्हणजे एकदा बऱ्यापैकी वेगळे झालेले टोल्युइन आपण त्याच स्तंभात पुन्हा झायलीनमध्ये मिसळतो आणि दुसऱ्या स्तंभात नव्याने उष्णता खर्चून वेगळे करतो. हा आलेख मी प्रथम काढला तेव्हा पेन्सिल हातातच राहिली. इतक्या वर्षांच्या रूढ पद्धतीत एवढे उघड नुकसान दडलेले होते.

यावरचा उपाय असा, की पहिल्या टप्प्यात टोल्युइनवर कोणतीही सक्ती करायची नाही. बेंझीन सगळे वर जावे, झायलीन सगळे खाली जावे, आणि टोल्युइनला दोन्हीकडे आपसूक वाटले जाऊ द्यावे. मग दुसऱ्या, मुख्य स्तंभात वरून आलेले बेंझीन-टोल्युइन आणि खालून आलेले टोल्युइन-झायलीन वेगळे करून मधून टोल्युइन काढून घ्यावे. पहिल्या स्तंभाला स्वतःचा रिबॉयलरही नको आणि कंडेन्सरही नको, कारण त्याला लागणारी वाफ आणि द्रव मुख्य स्तंभच पुरवतो. अशा जोडणीचे विश्लेषण पेटल्युक आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. हेच दोन स्तंभ एका कवचात, मध्ये उभी भिंत घालून बसवण्याची कल्पना त्याही आधीची आहे, आणि अमेरिकेत रिचर्ड राइट यांना तिचे पेटंट १९४९ मध्ये मिळाले होते. प्रत्यक्ष उद्योगात मात्र असा विभाजित भिंतीचा स्तंभ उतरला तो १९८५ मध्ये, जर्मनीत बीएएसएफ या कंपनीकडे. योग्य मिश्रणाला त्यातून ऊर्जेची सुमारे ३० टक्के बचत होते, आणि एक कवच, एक रिबॉयलर व एक कंडेन्सर कमी लागल्याने भांडवली खर्चही घटतो. बचतीचे बहुतेक उपाय आधी पैसे मागतात. हा उपाय दोन्हीकडून वाचवतो, म्हणून त्याचे मोल मला विशेष वाटते.

तरीही तो सगळीकडे लावू नये. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच दाब असतो, त्यामुळे दोन वेगळ्या दाबांचे स्वातंत्र्य जाते. सगळी उष्णता सर्वांत जड घटकाच्या तापमानाला द्यावी लागते आणि सर्वांत हलक्या घटकाच्या तापमानाला काढावी लागते. उष्णतेचे प्रमाण घटते, पण उतार लांबतो. कारखान्यात हलक्या दाबाचे स्टीम मुबलक असेल आणि दोन वेगळ्या स्तंभांपैकी एक त्यावर निवांत चालत असेल, तर किलोज्यूल कमी होऊनही पैसे कमी होतीलच असे नाही. मधला घटक भरपूर असेल आणि तो शुद्ध हवा असेल, तेव्हा ही रचना खरी शोभते. तिच्या आखणीत आणखी एक कसोटी आहे. भिंतीच्या वर द्रव दोन बाजूंना कसा वाटायचा हे चालू स्तंभातही बदलता येते, पण खालून येणारी वाफ भिंतीची जागा आणि दोन्ही बाजूंच्या पॅकिंगचा किंवा ट्रेंचा अडथळा यांच्याप्रमाणे वाटली जाते. ती वाटणी कागदावर चुकली तर नंतर सुधारायला फारसा वाव नसतो.

आता कंडेन्सरमध्ये गेलेल्या त्या ७ किलोज्यूलकडे. एका स्तंभाच्या माथ्याची उष्णता दुसऱ्या स्तंभाच्या तळाला द्यावी, ही कल्पना हवेच्या विभाजनात १९१० पासून रूढ आहे. कार्ल फॉन लिंडे यांच्या दुहेरी स्तंभात खालचा स्तंभ ५ ते ६ बार दाबाला चालतो आणि वरचा वातावरणाहून किंचित जास्त दाबाला. एकाच दाबाला नायट्रोजन ऑक्सिजनपेक्षा तेरा अंश अधिक थंड असतो आणि ऑक्सिजनला उकळवू शकत नाही. पण दाबाखालच्या नायट्रोजनचे संघननाचे तापमान वरच्या स्तंभातल्या ऑक्सिजनच्या उत्कलनबिंदूच्या एक-दोन अंश वर जाते, आणि खालच्याचा कंडेन्सर हाच वरच्याचा रिबॉयलर होतो. रसायन कारखान्यात हेच तत्त्व वापरून एकच फीड दोन वेगवेगळ्या दाबांच्या स्तंभांत वाटले, तर बाहेरून द्यावी लागणारी उष्णता निम्म्याच्या जवळ येते. त्याबदल्यात जास्त दाबाचे स्टीम किंवा अधिक निर्वात यांपैकी एक पत्करावे लागते.

दुसरा स्तंभच नसेल, तर माथ्याची वाफ कंप्रेसरने दाबून तापवायची आणि स्वतःच्याच तळाला द्यायची. प्रॉपिलीन आणि प्रोपेन यांची सापेक्ष बाष्पनशीलता १.१ च्या आसपास असल्याने या स्तंभाला दीडशेहून अधिक ट्रे आणि प्रचंड रिफ्लक्स लागतो, पण माथा आणि तळ यांच्या तापमानांत अंतर मात्र दहाएक अंशांचेच असते. विनिमयकासाठी आणखी दहा अंश धरले तरी आदर्श गुणांक, म्हणजे कंप्रेसरच्या एक किलोज्यूल कामामागे वर चढवलेली उष्णता, १५ येतो. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा मिळाला तरी एक किलोज्यूल विजेमागे सात किलोज्यूल उष्णता वर चढवली जाते. शिवाय माथ्याला थंड पाण्याने संघनन करण्याचे बंधन सुटल्याने स्तंभ कमी दाबाला चालवता येतो, आणि तिथे हे दोन घटक जरा सोपे विलग होतात. हाच कंप्रेसर शंभर अंशांचे अंतर असलेल्या स्तंभाला लावला, तर गुणांक दोनच्याही खाली घसरतो आणि वीज औष्णिक केंद्रातून येत असेल तर बचत कागदावरही उरत नाही. अशा रुंद अंतराच्या स्तंभांत मधल्या उंचीवर बाजूचा रिबॉयलर बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तिथले तापमान तळाहून बरेच खाली असल्याने एरवी वाया जाणारी गरम पाण्याची किंवा हलक्या स्टीमची उष्णता तिथे कामी येते. त्याच्या खालच्या भागात वाफ कमी पडते, म्हणून तिथे काही ट्रे जास्तीचे ठेवावे लागतात.

दाबाबद्दल एक साधी गोष्ट राहिली. बहुतेक स्तंभांचा दाब वर्षातल्या सर्वांत उष्ण दिवसाच्या थंड पाण्यावर ठरवलेला असतो आणि मग वर्षभर तोच धरून ठेवला जातो. रात्री आणि थंडीत पाणी गार असते. अशा वेळी दाब हळूहळू खाली जाऊ दिला तर बाष्पनशीलतेतला फरक वाढतो, रिफ्लक्स कमी करता येतो आणि तळही कमी तापतो. नियंत्रणात मात्र तापमानाची दाबानुसार दुरुस्ती करावी लागते, नाहीतर उतरलेला दाब हा शुद्धतेतला बदल वाटून नियंत्रक उलट वागू लागतो. खालची मर्यादा येते ती वाफेच्या आकारमानामुळे. कमी दाबाला तीच वाफ जास्त जागा मागते, वेग वाढतो, ट्रेवरचा द्रव वर उडू लागतो आणि स्तंभ पुराकडे, म्हणजे आत द्रव तुंबण्याकडे, झुकतो. म्हणून नव्या स्तंभाचा व्यास मी आता उन्हाळ्यातल्या दाबाऐवजी हिवाळ्यातल्या रात्रीच्या दाबाला तपासून घेते.